खारकीव्हचे जहाल: रशिया-युक्रेन भांडणामागची जुनी गोष्ट

२०२२ पासून आपल्याकडे ह्या युद्धावर बोलणारे दोनच प्रकारचे लोक भेटतात. एकांचं म्हणणं युक्रेनमध्ये सगळे नाझी बसलेत आणि पुतिन त्यांना साफ करतोय, दुसऱ्यांचं म्हणणं युक्रेन म्हणजे धुतल्या तांदळासारखं आणि रशिया जन्मापासूनच राक्षस. दोघांनाही २०१४ च्या, म्हणजे रशियानं क्रिमिया घेतला त्याच्या आधीचं काही विचारलं की गाडी अडते. मी काही इतिहासाचा प्राध्यापक नाही, वाचनाची खाज आहे एवढंच, पण वाचता वाचता एक गोष्ट सारखी समोर यायला लागली ती अशी, की ह्या भांडणातले जे जहाल आहेत, म्हणजे बॉम्बवाले, पत्रकंवाले, "आता बोलणं पुरे" म्हणणारे, रशियन बाजूचे पण आणि युक्रेनियन बाजूचे पण, त्यातल्या कितीतरी जणांचा धागा एकाच शहरात जाऊन पोचतो. खारकीव्ह.

तेच खारकीव्ह जिथे आपली मेडिकलची मुलं युद्धाच्या पहिल्या आठवड्यात मेट्रो स्टेशनमध्ये झोपत होती, त्यात महाराष्ट्रातली पण बरीच होती. सतराव्या शतकात कझाकांनी वसवलेलं गाव, १८०५ मध्ये युनिव्हर्सिटी सुरू झाली, मग रेल्वे आली, कारखाने आले. रशियाची हद्द तिथून जेमतेम तीस-चाळीस किलोमीटर. आजूबाजूच्या खेड्यांत सगळीकडे युक्रेनियन भाषा आणि शहरात मात्र रशियन, १८९७ च्या जनगणनेत शहरातले साधारण पाव लोकच युक्रेनियन ही मातृभाषा सांगत होते. अशा शहरात शिकलेला पोरगा कुठल्या बाजूला जाईल हे त्याच्या आईबापाच्या भाषेवरून सांगता यायचं नाही, आणि खरी गंमत तिथेच आहे.

सुरुवात साधारण १८७० च्या दशकापासून करूया. झारचं राज्य, भूदास १८६१ मध्ये कागदावर मोकळे झालेले पण जमिनीच्या हप्त्यांत अडकलेले. १८७४ च्या उन्हाळ्यात हजारभर तरी स्टुडंट लोक शेतकऱ्यांचे कपडे घालून खेड्यात गेले, क्रांती समजवायला. शेतकऱ्यांनी त्यातल्या काही जणांना पोलिसांकडे दिलं. मग १८७७ मध्ये कीव्ह प्रांतातल्या चिहिरीन भागात तिघा तरुणांनी वेगळीच आयडिया केली, शेतकरी झारवर विश्वास ठेवतात ना, मग झारच्याच नावानं खोटा जाहीरनामा छापायचा की सरदार-जमीनदार माझं ऐकत नाहीत, तुम्ही गुप्त संघटना करा आणि उठा. सुमारे हजार शेतकरी खरंच सामील झाले. पकडले गेल्यावर त्यातले कित्येक सायबेरियात आणि तुरुंगात सडले, पण ते तिघे मात्र कीव्हच्या जेलमधून पळाले कारण त्यांचा एक मित्र नाव बदलून तिथे वॉर्डर म्हणून नोकरीला लागला होता. सिनेमात दाखवलं तर आपण म्हणू काहीही दाखवतात. पण ह्यातली खोट मला फार महत्त्वाची वाटते. लोकांसाठी लढतोय म्हणायचं आणि लोकांनाच फसवायचं, आणि ते फसवणं "कामासाठी" म्हणून माफ. ही सवय पुढे दीडशे वर्षं सुटलेली नाही.

खेडी हलत नाहीत म्हटल्यावर मोर्चा वळला बॉम्ब-पिस्तुलांकडे. फेब्रुवारी १८७९ मध्ये खारकीव्हच्या गव्हर्नरला, द्मित्री क्रपोत्किनला, गोळी घातली गेली. हा प्रसिद्ध अराजकवादी प्योत्र क्रपोत्किनचा चुलतभाऊ. एकाच घरात एक जण सरकार आणि एक जण सरकारच नको म्हणणारा. त्याच वर्षी "नरोदनाया वोल्या" म्हणजे लोकेच्छा नावाची पार्टी बनली आणि मार्च १८८१ मध्ये त्यांनी पीटर्सबर्गात झार दुसरा अलेक्झांडर ह्याला बॉम्बनं उडवलं. शाळेत हे सगळं "रशियन क्रांतिकारक" म्हणून एका ओळीत संपतं, पण माणसं बघा. पुढारी झेल्याबोव क्रिमियातल्या भूदास कुटुंबातला, ओडेसात शिकलेला. सोफिया पेरोव्स्काया ही युक्रेनी कझाकांचा शेवटचा हेटमन, म्हणजे प्रमुख, रझुमोव्स्की ह्याच्या वंशातली, बाप पीटर्सबर्गचा गव्हर्नर राहिलेला. बॉम्ब बनवणारा किबाल्चिच चेर्निहिव्ह प्रांतातला, ज्यानं फाशीच्या आधी कोठडीत बसून रॉकेटवर उडणाऱ्या यंत्राचा आराखडा काढला, चंद्रावरच्या एका विवराला आज त्याचं नाव आहे. म्हणजे ह्या "रशियन" दहशतवादाचा कच्चा माल बऱ्यापैकी आजच्या युक्रेनमधला. आणि त्या काळात त्यांना स्वतःला त्यात काही विसंगत वाटत नव्हतं, देश एकच, शत्रू एकच.

एकाच माणसाला ते खटकत होतं, मिखाइलो द्राहोमानोव. कीव्ह युनिव्हर्सिटीतून १८७५ मध्ये काढून टाकलेला प्राध्यापक, नंतर जिनिव्हात जाऊन राहिला. १८७६ मध्ये झारनं एम्स गावातून हुकूम काढून युक्रेनियन भाषेत पुस्तकं छापायला जवळजवळ बंदीच घातली होती, आणि रशियन क्रांतिकारकांना त्याचं फारसं काही वाटत नव्हतं, क्रांतीनंतर बघू म्हणे. द्राहोमानोवचं म्हणणं होतं की हे लोक झारला हाकलतील आणि झारचंच केंद्रीकरण दुसऱ्या नावानं चालवतील, आणि शुद्ध हेतूसाठी साधनंही शुद्धच हवीत. कोणी ऐकलं नाही. मवाळांचं कुठेही ऐकत नाहीत. आणि त्याच १८८१ च्या वसंतात एलिसावेतग्राद, म्हणजे आजचं क्रोपिव्नित्स्की, तिथून ज्यूंच्या विरोधात दंगली सुरू झाल्या आणि दक्षिणेत पसरल्या, तेव्हा नरोदनाया वोल्याच्या कार्यकारिणीच्या नावानं युक्रेनियन भाषेत एक पत्रक निघालं, ज्यात दंगलींचं चक्क समर्थन होतं. का, तर लोक उठलेत ना, मग कोणावर का उठेनात. युक्रेनियन भाषेची आठवण झाली ती ह्या कामासाठी. पार्टीतल्या काहींना लाज वाटली आणि त्यांनी ते वाटायचं टाळलं हेही खरं आहे, पण निघालं ते निघालंच.

पुढची पिढी जास्त व्यावसायिक. बोरिस साविन्कोव, जन्म १८७९, खारकीव्ह. वाढला वॉर्सात, बाप न्यायाधीश. सोशलिस्ट रेव्होल्युशनरी पार्टीच्या "लढाऊ संघटने"चा हा माणूस, १९०४ मध्ये गृहमंत्री प्लेव्हे आणि १९०५ मध्ये झारचा काका ग्रँड ड्यूक सेर्गेई, दोन्ही कटांत ह्याचा हात. आणि ह्या संघटनेचा प्रमुख कोण तर अझेफ, जो त्याच वेळी पोलिसांचा पगारी एजंट होता! मंत्र्यांचे खून पण करवतोय आणि साथीदारांची नावं पण पोलिसांना देतोय, दोन्हीकडून पैसे. १९०८ च्या शेवटी त्याचं बिंग फुटलं तेव्हा अख्खी पार्टी आतून मोडली. १९११ मध्ये कीव्हच्या ऑपेरात पंतप्रधान स्तोलिपिनला गोळ्या घालणारा बोग्रोव्ह पण तसाच, अराजकवादी आणि पोलिसांचा खबरी, आत जायचा पास त्याला पोलिसांनीच दिलेला. माझं ठाम मत असं झालंय की रशियन-युक्रेनियन जहाल राजकारण समजून घ्यायचं तर डावा-उजवा हा वाद नंतर, आधी हे बघावं की कुठला जहाल कुठल्या खात्याच्या किती जवळ उभा होता.

इथे आपला एक संबंध येतो आणि तो ओढूनताणून नाही. पारनेरचे पांडुरंग महादेव बापट, तेच पुढे मुळशी सत्याग्रहाचे सेनापती बापट, हे १९०७-०८ च्या सुमारास पॅरिसमध्ये बंगालच्या हेमचंद्र दास ह्यांच्यासोबत बॉम्ब बनवायला शिकले, शिकवणारा निकोलाय साफ्रान्स्की नावाचा रशियन फरारी क्रांतिकारक. त्या रशियन माहितीपुस्तिकेचा इंग्रजी तर्जुमा लंडनच्या इंडिया हाऊसमध्ये सायक्लोस्टाइल झाला, एक प्रत कलकत्त्याच्या माणिकतला बागेत सापडली आणि एक नाशकात बाबाराव सावरकरांकडच्या झडतीत. मुझफ्फरपूरच्या बॉम्बनंतर टिळकांनी केसरीत जे लिहिलं त्यासाठी जुलै १९०८ मध्ये सहा वर्षं मंडाले, मुंबईच्या गिरण्या सहा दिवस बंद, आणि त्या संपाची दखल घेऊन टिळकांच्या शिक्षेवर लिहिणारा परदेशातला एक माणूस म्हणजे लेनिन. म्हणजे आपल्याकडची जहाल हवा आणि तिकडची जहाल हवा एकाच दशकातली, एकमेकांना ओळखणारी. बापटांनी पुढे बॉम्बचा नाद सोडला आणि धरणग्रस्तांसाठी उभे राहिले. साविन्कोवला ते जमलं नाही. बोल्शेविकांशी लढला, परदेशात गेला, १९२४ मध्ये सोव्हिएत गुप्त पोलिसांनी खोटी भूमिगत संघटना उभी करून त्याला गोड बोलून परत बोलावलं, पकडलं, आणि १९२५ मध्ये लुब्यांकाच्या, म्हणजे मॉस्कोतल्या गुप्त पोलिसांच्या मुख्यालयाच्या, खिडकीतून पडून मेला. उडी मारली की ढकलला ह्यावर अजून वाद घालतात.

आता खारकीव्हचीच दुसरी बाजू. मिकोला मिखनोव्स्की नावाचा वकील तिथे प्रॅक्टिस करायचा. १९०० मध्ये खारकीव्हच्या स्टुडंट लोकांनी रेव्होल्युशनरी युक्रेनियन पार्टी काढली आणि त्यांच्यासाठी ह्यानं एक भाषण तयार केलं, ते त्याच वर्षी ऑस्ट्रियाच्या ताब्यातल्या लव्हिव्हमध्ये छापलं गेलं, "कार्पेथियनपासून कॉकेशसपर्यंत" एक, स्वतंत्र, अखंड युक्रेन. स्वायत्तता बियत्तता नाही, सरळ स्वातंत्र्य. पार्टीतल्या बाकीच्यांनाच ते जास्त झालं, ते समाजवादाकडे गेले आणि मिखनोव्स्कीनं मूठभर लोकांची वेगळी पार्टी काढली, तिच्या दहा आज्ञांमध्ये परक्या बाईशी लग्न करू नका इथपर्यंत सगळं होतं. १९०४ मध्ये खारकीव्हात पुश्किनचा अर्धपुतळा बसवला आणि त्याच वर्षी ह्या गटाच्या लोकांनी त्याखाली बॉम्ब लावला. पुतळ्याला फार काही झालं नाही. लोक हसले असणार, कवीच्या पुतळ्यावर कसला बॉम्ब टाकता. नोव्हेंबर २०२२ मध्ये तोच पुश्किन खारकीव्हच्या महापालिकेनं क्रेन लावून शांतपणे काढून ठेवला, आणि तेव्हा महापौर असलेला माणूस काही मिखनोव्स्कीचा चेला नव्हता, रशियन बोलणाऱ्या शहराचा रशियन बोलणारा महापौर. १९०४ मध्ये दहा-वीस वेड्यांचा उद्योग होता तो शहराचा निर्णय कसा झाला? मिखनोव्स्कीच्या पत्रकांनी नाही. रशियन मिसाइलांनी.

मधली १९१७ ते १९२१ ही वर्षं इतकी गुंतागुंतीची आहेत की कीव्ह किती वेळा हातोहात गेलं हे मोजताना इतिहासकारांचंही एकमत होत नाही, त्यामुळे मी फक्त खारकीव्हच्या खिडकीतून बघतो. डिसेंबर १९१७ मध्ये कीव्हच्या काँग्रेसमध्ये बोल्शेविक अल्पमतात गेले तेव्हा ते तिथून उठून खारकीव्हला आले आणि तिथे वेगळी काँग्रेस भरवून सोव्हिएत युक्रेन जाहीर करून टाकलं. म्हणजे एकाच वेळी दोन युक्रेन. दीड-दोन महिन्यांत, फेब्रुवारी १९१८ मध्ये, खारकीव्हातच तिसरं पिल्लू निघालं, दोनेत्स्क-क्रिव्होय रोग सोव्हिएत रिपब्लिक, प्रमुख कॉम्रेड आर्त्योम. हा आर्त्योम एक नमुनाच, झारच्या काळात पळून ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला कामगार चळवळ करून आलेला, पुढे १९२१ मध्ये विमानाचा पंखा बसवलेल्या एका रेल्वे डब्याच्या चाचणीत अपघातात गेला, आणि ज्या बाख्मुतच्या बातम्या आपण २०२३ मध्ये बघत होतो त्या गावाचं नाव १९२४ ते २०१६ ह्याच्याच नावावरून होतं. आर्त्योमचं म्हणणं सरळ होतं, आमच्या खाणी आणि कारखाने रशियाशी जोडलेले आहेत, आमचा कीव्हशी संबंध नाही. ह्याला नाही कोण म्हणालं? लेनिन. त्याचा हिशोब असा की युक्रेनमध्ये शेतकरी भरमसाट, कामगारवस्तीचा हा पट्टा बाहेर काढला तर तिथे बोल्शेविकांना विचारणार कोण. म्हणून दोनबास युक्रेनमध्ये ठेवायचा.

हे लक्षात ठेवलं की २१ फेब्रुवारी २०२२ चं पुतिनचं भाषण नीट ऐकू येतं. युक्रेन लेनिननं बनवला, दोनबास त्यात अक्षरशः कोंबला, ह्यांना कम्युनिझमच्या खुणा पुसायच्यात ना, मग खरं पुसणं काय असतं ते आम्ही दाखवतो. आपल्याकडचे काही डावे मित्र ह्या युद्धात सोव्हिएत प्रेमानं पुतिनच्या बाजूनं बोलतात तेव्हा मला हसावं का रडावं कळत नाही, तो माणूस युद्धाच्या तीन दिवस आधी टीव्हीवर तासाभराच्या भाषणात लेनिनला शिव्या घालत होता. बरं, लेनिननं युक्रेन बनवला हेही अर्धंच खरं. हुलियाइपोलेचा अराजकवादी मखनो आणि त्याचे घोडागाडीवर मशीनगन लावलेले शेतकरी, स्वतंत्र युक्रेनसाठी लढणाऱ्या पेत्ल्युराचे लोक, बोरोत्बिस्ट नावाचे डावे युक्रेनियन, ह्या सगळ्यांशी तीन वर्षं लढून झाल्यावर बोल्शेविकांना कळलं होतं की ह्या लोकांना नुसतं "दक्षिण रशिया" म्हणून चालणार नाही. ती तडजोड होती. मखनोशी तर त्यांनी गरज असेल तेव्हा युती केली आणि नोव्हेंबर १९२० मध्ये क्रिमिया घेऊन झाल्याबरोबर त्याच्यावर उलटले.

त्या तडजोडीची दहा वर्षं खारकीव्हनं बघितली, कारण १९३४ पर्यंत सोव्हिएत युक्रेनची राजधानी तेच होतं. १९२३ पासून युक्रेनियन भाषेत शाळा, पेपर, थिएटर, ऑफिसं. रशियन शहरात युक्रेनियन पहिल्यापेक्षा जास्त ऐकू यायला लागली. लेखकांची एक सोसायटी झाली, स्लोवो नावाची बिल्डिंग. तिथे राहणारा मिकोला ख्विल्योवी हा पक्का पार्टी मेंबर, कम्युनिस्ट, आणि त्याचं म्हणणं की आपल्या साहित्यानं मॉस्कोकडे बघणं सोडावं, युरोपकडे बघावं. स्टालिननं स्वतः पत्रात त्याची दखल घेतली, तेव्हाच त्याचं काय होणार हे ठरलं असावं. १९३० मध्ये खारकीव्हच्या ऑपेरा हाऊसमध्ये ४५ बुद्धिजीवींवर जाहीर खटला चालला, एका अशा संघटनेबद्दल जी गुप्त पोलिसांनीच कागदावर रचली होती. मग १९३२-३३ चा दुष्काळ, सरकारनं धान्य ओढून नेऊन केलेला, युक्रेनमध्ये साधारण ३९ लाख माणसं गेली असा एक मोठा अभ्यास सांगतो आणि खारकीव्ह आणि कीव्ह हे भाग सगळ्यात वाईट. मे १९३३ मध्ये ख्विल्योवीनं मित्रांना घरी बोलावलं आणि शेजारच्या खोलीत जाऊन गोळी झाडून घेतली. जुलैमध्ये स्क्रिप्निकनं, जो लेनिनचा जुना सोबती आणि युक्रेनियन भाषेच्या धोरणाचा मुख्य माणूस. त्या बिल्डिंगमधले बहुतेक फ्लॅट पुढच्या पाच वर्षांत रिकामे झाले. मला सगळ्यात जास्त हे टोचतं की युक्रेनमधली जी जहालांची फळी डावी पण होती आणि युक्रेनियन पण होती, ती पूर्ण कापली गेली, आणि ती कापणारा उजवा नव्हता.

मग उरलं कोण? पश्चिमेकडचे, पोलंडच्या ताब्यातल्या गॅलिशियातले. त्यांचा विचारवंत द्मित्रो दोन्त्सोव, हा मुळात पूर्वेकडच्या मेलितोपोलचा, तरुणपणी मार्क्सवादी, १९२० च्या दशकात युक्ती-बुक्ती नको, इच्छाशक्ती आणि हिंसा हवी असं लिहिणारा. १९२९ मध्ये व्हिएन्नात ओयूएन, म्हणजे युक्रेनियन राष्ट्रवाद्यांची संघटना, निघाली, तिचा प्रमुख कोनोवालेत्स ह्याला १९३८ मध्ये रॉटरडॅममध्ये चॉकलेटच्या डब्यातून बॉम्ब देऊन मारला सोव्हिएत एजंट सुदोप्लातोवनं. आणि हा सुदोप्लातोव कुठला? मेलितोपोलचाच. आज मेलितोपोल रशियाच्या ताब्यात आहे आणि तिकडच्या एका "स्वयंसेवक" बटालियनला सुदोप्लातोवचं नाव दिलंय. ओयूएनचा पुढारी बांदेरा, त्याच्याबद्दल आपल्याकडे भरपूर लिहिलं जातं म्हणून थोडक्यात, पोलिश गृहमंत्र्याच्या १९३४ च्या खुनाच्या कटात शिक्षा, १९४१ मध्ये लव्हिव्हात त्याच्या लोकांनी युक्रेन राज्य जाहीर केलं तर जर्मनांनी त्याला पकडून साक्सेनहाउझेनला टाकलं, १९५९ मध्ये म्युनिकला केजीबीच्या माणसानं सायनाइडच्या पिस्तुलानं मारला. तो स्वतः कोठडीत असताना त्याच्या नावाच्या संघटनेच्या सैन्यानं १९४३ मध्ये वोलिनमध्ये हजारो पोलिश गावकऱ्यांची, बायकामुलांसकट, कत्तल केली, आणि ज्यूंच्या कत्तलीत ओयूएनच्या लोकांचा हात होता हेही नोंदलेलं आहे. त्याचे पुतळे उभे करणाऱ्यांनी हे झाकू नये. आणि हे सांगून आजच्या युक्रेनवर मिसाइल टाकणाऱ्यांनी पण उगाच साळसूदपणा करू नये.

परत खारकीव्ह, आता आपल्या काळातलं. एदुआर्द सावेन्को, जन्म १९४३, बाप गृहखात्यात अधिकारी, वाढला खारकीव्हच्या कामगारवस्तीत. कारखान्यात काम केलं, शिवणकाम करून पँटी विकल्या, कविता केल्या, मॉस्को, मग न्यूयॉर्क, पॅरिस, आणि एदुआर्द लिमोनोव ह्या नावानं प्रसिद्ध लेखक. सोव्हिएत युनियन मोडल्यावर परत आला आणि १९९३ मध्ये अतिउजवा विचारवंत अलेक्सांद्र दुगिन ह्याच्यासोबत नॅशनल बोल्शेविक पार्टी काढली, झेंडा हिटलरचा पण स्वस्तिकाच्या जागी कोयता-हातोडा. १९९२ मध्ये बोस्नियात तिथल्या सर्बांचा नेता कराजिच ह्याच्या शेजारी उभं राहून सारायेव्होच्या दिशेनं मशीनगन चालवतानाचं त्याचं चित्रीकरण आहे. पोरं जमली, पंक ऐकणारी, कंटाळलेली, छोट्या गावातली. सगळ्यांना वाटायचं नाटक चाललंय. २४ ऑगस्ट १९९९, युक्रेनचा स्वातंत्र्यदिन, ह्याच्या पोरांनी सेवास्तोपोलमध्ये नाविकांच्या क्लबच्या मनोऱ्यावर चढून सेवास्तोपोल रशियाचं म्हणून घोषणा दिल्या. युक्रेननं पकडून काही महिने जेलमध्ये ठेवून रशियाला परत दिलं. कोणाला काही फरक पडला नाही. १५ वर्षांनी तेच, शब्दाला शब्द, रशियन सरकारचं धोरण होतं.

आणि मधल्या काळात लिमोनोवचं काय? २००१ मध्ये हत्यारांच्या केसमध्ये आत, २००३ मध्ये बाहेर. २००४ मध्ये त्याच्या पोरांनी प्रेसिडेंट ऑफिसच्या स्वागतकक्षात घुसून पुतिनचा राजीनामा मागितला, ३९ जणांवर खटला. २००७ मध्ये पार्टीवर बंदी. मग तोच माणूस बुद्धिबळवाल्या कास्पारोवसारख्या लिबरल लोकांसोबत पुतिनविरोधी मोर्च्यात. २०१४ मध्ये क्रिमिया घेतल्यावर परत पुतिनच्या बाजूला, त्याचे लोक दोनबासमध्ये बंदूक घेऊन. २०२० मध्ये वारला. म्हणजे माणसांना जेल आणि त्यांच्या कल्पना गोडाऊनमध्ये, गरज लागेल तेव्हा काढायच्या. ह्याला मी रशियन राज्याची खरी हुशारी म्हणतो, अझेफच्या काळात पोलीस जहालांच्या आत जाऊन बसायचे, आता जहालांचे विचारच सरकारच्या पोटात.

२०१४ मध्ये खारकीव्ह दोनेत्स्कसारखं रशियावाल्यांच्या हातात जायच्या मार्गावर होतं. १ मार्चला रशियावाल्या जमावानं प्रांतिक प्रशासनाची इमारत घेतली आणि वर रशियन झेंडा लावला, लावणारा पोरगा मॉस्कोचा निघाला. १४ मार्चच्या रात्री रिमार्स्का रस्त्यावर दोन गटांत गोळीबार, दोन मेले. ७ एप्रिलला "खारकीव्ह पीपल्स रिपब्लिक" जाहीर झालं आणि ८ ला पहाटे विन्नित्सातून आणलेल्या स्पेशल पोलिसांनी इमारत मोकळी केली, एका दिवसाचं रिपब्लिक. त्या रिमार्स्कावर दुसऱ्या बाजूला जो गट होता त्याचा नेता आंद्री बिलेत्स्की, खारकीव्हचाच, तिथल्याच युनिव्हर्सिटीत इतिहास शिकलेला, "पॅट्रियट ऑफ युक्रेन" नावाच्या उघडउघड वंशवादी संघटनेचा प्रमुख, दोन वर्षांहून जास्त कच्च्या कैदेत राहून नुकताच सुटलेला. मे मध्ये त्यानं अझोव्ह बटालियन उभी केली, फुटबॉलच्या मैदानावरची पोरं, मेटालिस्ट क्लबचे अल्ट्रा म्हणजे कट्टर चाहते, त्यात होती. २८ सप्टेंबरला त्यांनी फ्रीडम स्क्वेअरवरचा देशातला सगळ्यात मोठा लेनिनचा पुतळा पाडला. आणि विरुद्ध बाजूची "ओप्लोत" ही पण खारकीव्हच्याच एका फाइट क्लबमधून निघालेली संघटना, तिच्या दोनेत्स्क शाखेतला झाखारचेन्को पुढे तिकडच्या रिपब्लिकचा प्रमुख झाला आणि २०१८ मध्ये बॉम्बस्फोटात मेला.

तर, युक्रेनमध्ये नाझी आहेत का? होते आणि आहेत. रशियात? तिथे रुसिच नावाचा गट आहे, त्याचे लोक आपली मतं लपवत नाहीत, आणि २०१४ पासून रशियाच्या बाजूनं लढतायत. उलट युक्रेनच्या बाजूनं लढणाऱ्या रशियन व्हॉलंटियर कोअरचा प्रमुख देनिस कापुस्तिन हा पण युरोपभर अतिउजवा म्हणून ओळखला जाणारा, मे २०२३ मध्ये रशियाच्या बेल्गोरोद भागात घुसलेला. दोन्हीकडे. फरक मला कुठे दिसतो तर मतपेटीत. २०१९ च्या युक्रेनियन संसदेच्या निवडणुकीत सगळे अतिउजवे एक यादी करून उभे राहिले आणि २.१५ टक्के मतं मिळाली, आणि त्याच वर्षी लोकांनी अध्यक्ष म्हणून निवडून दिला झेलेन्स्की, रशियन बोलणारा ज्यू विनोदी नट. रशियात जहालांना किती मतं आहेत हे मोजायची सोयच राहिलेली नाही, कारण त्यांच्या मागण्या सरकारच पूर्ण करतंय आणि जे जास्त बोलतात ते आत. एप्रिल २०१४ मध्ये स्लोव्यान्स्क घेऊन युद्धाचा चाप मीच ओढला असं अभिमानानं सांगणारा गिरकिन, व्हाइट गार्डचे, म्हणजे बोल्शेविकांशी लढलेल्या सैन्याचे, कपडे घालून जुन्या लढायांची नाटकं करणारा माणूस, २०२३ मध्ये पुतिनला भित्रा म्हणाला म्हणून अटक झाली आणि जानेवारी २०२४ मध्ये चार वर्षं. अतिरेकी विचार पसरवल्याबद्दल, असं कोर्ट म्हणालं. बोरिस कागारलित्स्की हा डावा समाजशास्त्रज्ञ, युद्धाच्या विरोधात, त्याला त्याच्या पुढच्याच महिन्यात पाच वर्षं.

बिलेत्स्की आता जहाल पोरांचा म्होरक्या राहिलेला नाही, युक्रेनी सैन्यात आधी थर्ड असॉल्ट ब्रिगेडचा कमांडर होता आणि २०२५ पासून अनेक ब्रिगेडच्या अख्ख्या कोअरचा झाला, त्यांच्या भरतीची पोस्टर्स देशभर लागलेली असतात आणि त्यात पहिल्यासारखी जुनी भाषा नाही. २०१९ ला त्याच्या बाजूला दोन टक्के होते. युद्ध थांबल्यावर पहिली निवडणूक होईल तेव्हा ते किती असतील ह्याचा अंदाज कीव्हमधले लोक आत्तापासून बांधतायत, आणि त्यात खारकीव्ह कसं मत देतं ते मी तरी सगळ्यात आधी बघणार आहे.